खुलासा : म्हाताऱ्या कुत्र्याला माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका

पावसाळी गारठ्यात कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘म्हातारं कुत्रं लंगडत असेल तर आपलीच आयबुप्रोफेन अर्धी करून द्या, उठेनासं झालं तर रंकाळ्यावर सोडा, त्यात गुन्हा नाही.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर तातडीने पशुवैद्य गाठा. मांजराला तर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत. म्हाताऱ्या जनावराची आधी रक्ततपासणी करून, वजनावर मात्रा ठरवून पशुवैद्य ती देतात.

औषधाइतकीच फरशी महत्त्वाची. गुळगुळीत टाइलवर मागचे पाय फाकतात आणि दुखरे सांधे आणखी ताणले जातात. रबरी मॅट टाका, नखं कापा, तळव्यांमधले केस छाटा. वजन वाढू देऊ नका. पडून राहिलेल्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला, नाहीतर कोपर आणि खुब्यावर जखमा होतात. आणि मायेपोटी तांबडा-पांढरा रस्सा अजिबात नको : कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात.

सोडून देण्याबद्दल : प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११ नुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे.