नागपूरच्या सदरमधल्या चर्चमध्ये ‘अशी’ लग्नं लागणार, म्हणे!

गेल्या रविवारी उपासना सुटली, चहाचा कप हातात यायचा होता तोवर तिघांनी मोबाइल पुढे केले. तिन्हींवर एकच मेसेज: ‘इंग्लंडच्या चर्चने समलिंगी लग्नं मान्य केली. आपलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) त्यांच्याच हाताखाली, म्हणजे आता सदरच्या कॅथेड्रलमध्येही ती लागणार. लॅम्बेथ परिषदेने (जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बिशपांची परिषद) १९९८ मध्येच हे पाप ठरवलंय, भारतातले सगळे पाळक (धर्मगुरू) विरोधात आहेत. हे पाश्चात्त्य वेड आहे.’

पहिलं वाक्यच खोटं. तिथे १७ डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना करता येते. लग्न लावता येत नाही. दुसऱ्याच दिवशी पोपने कॅथलिकांनाही तसलीच मुभा दिली, तीही लग्नाची नव्हे.

हाताखाली? सीएनआय इथेच, नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्यांच्या (चर्चसंघांच्या) मिलनातून उभं राहिलं. त्यात अँग्लिकन होते तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. इंग्लंडच्या चर्चचे मुख्य बिशप कँटरबरीत बसतात, पण त्यांचा हुकूम आपल्या बिशपांवर चालत नाही. आणि उद्या कुणी पाळक तयार झाला तरी कायद्यात जागा कुठे आहे? १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला.

लॅम्बेथचं मात्र अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त घातक. ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव झाला आणि समलिंगी संबंध पवित्र शास्त्राशी विसंगत ठरले, हे बरोबर. पण त्याच ठरावात लिहिलंय की समलिंगी माणसांचे अनुभव ऐकून घ्या, बाप्तिस्मा घेतलेले असे विश्वासी ख्रिस्ताच्या शरीराचे पूर्ण अवयव आहेत. पुढे पाठवणाऱ्याने नेमका तेवढा भाग गाळला. चुकून गाळला असं मला तरी वाटत नाही.

‘सगळे पाळक’ तर मी कधी एका बाकावर पाहिले नाहीत. दोघांचा वाद मी स्वतः ऐकलाय. एक बायबलातल्या रोमकरांस पत्राचा पहिला, समलिंगी संबंधांचा निषेध करणारा अध्याय उघडून बसलेले. दुसरे म्हणाले, ‘मग प्रेषितांच्या कृत्यांतला तो षंढ खजिनदार? फिलिप्पाने त्याला बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरवण्याआधी काय विचारलं होतं?’ पहिले म्हणाले, ‘तो विषयच वेगळा.’ चहा गार झाला, कुणी हटलं नाही. आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये कार्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेने लैंगिक विविधतेवर स्वतंत्र मंच चालवलाय, आणि सभासद मंडळ्यांतल्या कित्येकांना तो मुळीच पटत नाही. माझंही मन अजून पक्कं झालेलं नाही, पण म्हणून भांडणच नाही असं कसं म्हणू?

पाश्चात्त्य म्हणाल, तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. इंग्लंडने स्वतःचा कायदा १९६७ मध्ये सैल केला. आपल्याकडे २०१८ उजाडलं.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना मी हे सगळं सांगितलं. ‘म्हणजे लग्नं लागत नाहीत ना? मग झालं तर,’ म्हणाले. मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे.