सॅनिटायझर आम्हीच काढला

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. रविवारी दुपारी आमच्याकडे हुरडा खाल्ला, मंगळवारी पहाटेपासून घरात एकामागून एक चौघांना उलट्या-जुलाब, आणि म्हणून "शिळं दही, घाण पाणी, टेबलावर साधा सॅनिटायझरही नाही" असा एक स्टार. आजींना आता बरं वाटतंय ना? ओआरएस घोट-घोट चालू ठेवा.

दही त्याच सकाळचं होतं. त्याने बाधलं असतं तर बहुतेक त्याच संध्याकाळी कळलं असतं. दीड दिवसाने सुरू होऊन घरभर फिरणारं दुखणं नोरोव्हायरससारखं दिसतं. तो पोटात गेल्यावर १२ ते ४८ तासांनी उठतो. धाकट्याला शुक्रवारी शाळेतून उलट्या होतात म्हणून घरी आणलं, रविवारी तो ठणठणीत होता, हे तुम्हीच लिहिलंय. पोराला दोष नाही. पण बरं वाटल्यावरही हा विषाणू दोन आठवडे, कधी त्याहून जास्त शौचातून पडत राहतो, आणि लागण व्हायला त्याचे मोजके कण पुरतात. आमच्याकडून लागलाच नाही असं छातीठोक सांगता येत नाही, ते शौचाच्या तपासणीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवशीच्या बाकी पार्ट्यांना मात्र फोन करून विचारलं, कुणालाच काही झालेलं नाही.

आता सॅनिटायझर. तो आम्ही मुद्दाम काढला. करोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. नोरोला ते आवरणच नाही, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. बाटली दिसली की लोक दोन थेंब चोळतात आणि नळाकडे फिरकत नाहीत. म्हणून आगटीशेजारीच नळ लावलेली टाकी आणि साबण ठेवलाय; वीस सेकंद हात चोळून धुवायचे. हुरडा हा हातावरचाच पदार्थ. कणीस आगटीत भाजलं तरी ते चोळणारा हात काही भाजत नाही! आमच्या चोळणाऱ्या बायकांपैकी कुणाचं पोट बिघडलं तर त्रास थांबल्यावरही पुढचे दोन दिवस सुट्टी, पगारी. रोज बुडतो म्हटल्यावर कोण सांगेल पोट बिघडलंय म्हणून?

घरी एक करा. उलटी झालेली जागा कागदाने टिपून ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, नुसत्या फिनेलवर भागवू नका. आपल्या सोलापुरात पाणी रोज येत नाही, पिंपं भरून ठेवावी लागतात. त्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. आजारी माणसाला त्रास थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत अशी दुखणी हमखास फिरतात. पुढच्या वेळी घरात कुणाला उलट्या झाल्या असतील तर निघायच्या आधी फोन करा. तारीख पुढे ढकलू, नाहीतर अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत देऊ. तुमच्या आधी दोन कुटुंबांना दिलाय.