नाव नवं, गाव जुनं

टिळकवाडीतल्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. म्हणजे काही बंद पडलं की सगळे माझ्याकडे बघतात.

पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायच्या खात्याच्या, व्याजात बदल करायचा होता. चालू डेटाबेसला हात लावायचा नाही एवढी अक्कल मला आहे. त्याची प्रत काढायची, तिला 'चाचणी' नाव द्यायचं आणि काय तो गोंधळ तिच्यात घालायचा. आमचा डेटाबेस ज्यावर चालतो त्या मायएसक्यूएलमध्ये यासाठी सरळ आज्ञा नाही. डेटाबेसचं नाव बदलायची आज्ञा ५.१.७ मध्ये आली होती, पण माहितीच जायची भीती निघाली म्हणून ५.१.२३ मध्ये काढून टाकली. आमच्या गावाचं नावही १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, बेळगावचं बेळगावी झालं. खातेदारांच्या पत्त्यांत ते अजून बेळगाव, बेळगांव, बेलगाम, बेळगावी असं चार तऱ्हांनी नांदतंय.

तर आदल्या रात्रीचा डंप, म्हणजे सगळी माहिती एका फाइलीत काढून ठेवलेली, होता, तो सकाळी अकराला 'चाचणी'त ओतला. पडद्यावर कसलीच तक्रार नाही. उघडून बघतो तर आत माहितीचं एकही टेबल नाही. असेल काहीतरी म्हणून पुन्हा ओतला. (शहाणा माणूस इथं थांबला असता.)

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, "सकाळपासनं भरलेल्या पावत्या दिसेनात की!"

डंप घेताना मी '--डेटाबेसेस' हा पर्याय लावला होता. त्यामुळे फाइलीत वरच 'यूज', म्हणजे 'हा डेटाबेस वापर', आणि पुढं मूळ डेटाबेसचं नाव लिहिलेलं. बसच्या पाटीवर बेळगावी असो, खानापूरची म्हातारी चढताना "बेळगाव एक" म्हणते आणि नेमकी बेळगावातच उतरते. तसंच झालं. मी सांगितलं चाचणीत जा, फाइल आपल्या घरी गेली. बरं, नुसती गेली नाही. प्रत्येक टेबलाआधी 'असेल तर पाडा' अशी सूचना असते, म्हणून आधी घर पाडलं आणि मग कालचं बांधलं. बायनरी लॉग, म्हणजे झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद, चालू असता तर सकाळ परत मिळाली असती. डिस्क भरते म्हणून तो मीच बंद केला होता.

मॅनेजरकाका चहाचा ग्लास घेऊन आले.

"प्रत काढायलास म्हणालास की रे?"

"होय काका."

"मग मूळ कुठं गेलं?"

"मूळच्या जागी कालची प्रत आहे."

"आणि प्रतीच्या जागी?"

"तिथं काही नाही."

काकांनी चहा संपवला. पिग्मी ही युक्ती १९२८ सालची, उडुपीकडच्या बँकवाल्यांची. तेव्हा सगळं वहीत होतं, एवढंच ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत काउंटरवरची अक्का पावतीपुस्तकातनं वाचत होती, मी भरत होतो. "पन्नास. शंभर. पन्नास. हा गडी रोज वीसच देतो, लिही."

दुसऱ्या दिवशी तो पर्याय काढून नवा डंप घेतला. 'चाचणी' भरली, मूळ जागच्या जागी. व्याजाचं गणित चालवलं. शून्य एक जास्त पडलं, पण चाचणीच ती, हसलो आणि घरी आलो.

प्रतीत टेबलं आली होती, पत्ते आले होते, खातेदारांचे मोबाइल नंबर आले होते आणि एसएमएसची चालू खूणही आली होती.

रात्री नऊला काकांचा फोन. "माझ्या खात्यात नव्वद हजार व्याज जमा झालंय म्हणे. हे कुठल्या बेळगावातनं आलं रे?"