बारा व्होल्ट

मागच्या रविवारी भाच्याच्या साखरपुड्याला धुळ्याहून पारोळ्याला निघालो. पोहोचलो तेव्हा जेवणं उरकून पानसुपारी चालली होती, आणि माझ्या गाडीचे बारा वाजल्याचा व्हिडिओ माझ्याआधी तासभर मांडवात येऊन बसला होता.

गाडी म्हणजे दोन सीटांची, कापडी छपराची, फायबरच्या अंगाची जुनी स्पोर्ट्‌स कार. आई तिला 'डबी' म्हणते. लोखंडी गाडीत करंट बल्बपर्यंत तारेने जातो आणि परत येतो तो पत्र्यातून. फायबरमधून करंट जात नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार ओढावी लागते आणि ती सगळी भेंडोळी खाली चासीवरच्या बोल्टांशी नेऊन बांधतात. यातलं एखादं टोक सैल झालं की करंट घरी जायला शेजाऱ्याच्या अंगणातून वाट काढतो. माझ्या गाडीत ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो. इंडिकेटर दिला की डॅशबोर्ड त्याच तालावर डोळे मिचकावतो. हॉर्न वाजवला तर काय होईल हे हॉर्नलाही ठाऊक नसतं.

वायरिंगवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. आतापर्यंत तिघांनी हात घातला. प्रत्येकाने आधीच्याला शिव्या दिल्या, आपली एक तार वाढवली आणि पैसे घेतले. रंगाचं म्हणाल तर दुकानात जे भेंडोळं उघडं होतं तो रंग. एका तारेचं एक टोक लाल आहे, दुसरं पिवळं. मध्ये कुठे धर्मांतर झालं ते टेप सोडल्याशिवाय कळणार नाही. म्हणून मी मीटर घेतला आणि स्वतःच शिकलो. हीच ती चूक.

पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा पिऊन सेल्फ मारला. टिक्. परत मारला. टिक्. वैशाखाचं ऊन, डोक्यावर काळं कापड, अंगात साखरपुड्याचा कुर्ता. बोनेट उघडून मीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवते, म्हणजे ठणठणीत.

"काय व्हयनं भाऊ?"

मागे पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, सत्तरी ओलांडलेले एक आबा. मी म्हटलं, "बघतोय. करंट तर बरोबर आहे."

"कितला से?"

"साडेबारा."

आबांनी टपरीकडे वळून बाकीच्यांना हाक मारली. "अरे, बारा व्होल्ट येस म्हने याले!" मग माझ्याकडे बघून, घरात कोणी आजारी असल्यासारख्या आवाजात, "भाऊ, मन्हा मळामा चारशे चाळीस येस, तरी मोटर उचलत नही. बारामा काय व्हई?"

मी समजावलं की गाडीत बाराच असतात. आबांना पटलं नाही. बारा म्हणजे लाइन गेलेलीच असते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री, असं ज्याने रात्री दोनला उठून पाणी भरलं, विंचवाच्या भीतीने बॅटरी मारत बांधावरून गेला, त्याच्यापुढे मी व्होल्टेजच्या गप्पा काय मारणार? तरी मारल्या.

"अर्थिंगले पानी टाकं का?" आबा म्हणाले. "उन्हाळामा अर्थिंग सुकी जास."

इथे मी हसलो. जमीन नाही, सळई नाही, खड्डा नाही, चार रबरी टायरांवर उभी गाडी. तिच्या अर्थिंगला पाणी कुठे घालू? आबांनी माझ्या हसण्याकडे दुर्लक्ष करून टपरीवरचा तांब्या उचलला आणि पुढच्या चाकाखाली रिकामा केला. तोवर मोबाइल बाहेर निघाले होते.

आता चावी फिरवायला माणूस हवा होता. मी मीटरची एक सुई बॅटरीच्या उणे टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला धरणार. चावी फिरवताना तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. आबा हौसेने बसायला गेले आणि बसतच गेले, कारण सीट रस्त्यापासून वीतभर. गुडघे हनुवटीला टेकले, टोपी छपराला घासून तिरकी झाली. चावी फिरवली. टिक्. मीटरवर नऊ व्होल्ट. तेवढ्यात क्लचच्या तारेला हात लागला तर ती तापलेली. इंजिनाची परतीची वाट बंद होती आणि सेल्फचा करंट बिचारा क्लचच्या तारेतून घरी जायला बघत होता.

म्हणजे अर्थिंगच.

दिवाळीत चासीला गंज लागू नये म्हणून मीच झकास काळा रंग मारला होता. इंजिन चासीला जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडवून, तिच्या बोल्टाखालीही, दोन हात. त्या रंगावरच पट्टी परत आवळली होती. सहा महिने तिने धकवलं, हेच नवल.

हे मी आबांना सांगितलं नाही. त्यांना गाडीतून काढणं चाललं होतं. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले, आणि आबा अर्ध्यात असताना विचारत होते, "हाई कितलाले लिधी?" आकडा सांगितला. "इतलामा तं सारंगखेडाना घोडाबजारमा घोडा ई जाई. घोडाले वायरिंग ऱ्हास नही."

पॉलिश पेपर नव्हता, जम्पर नव्हता. आबांनी नातवाला मोटारसायकलवर मळ्यात पिटाळलं आणि पंपाच्या केबलचा हातभर तुकडा मागवला. तिन्ही कोर सोलून एकत्र पिळले, एक टोक ब्लॉकच्या बोल्टात, दुसरं बॅटरीच्या उणेला. सेल्फ मारला, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. टपरी टाळ्या वाजवत होती, मला नाही, तांब्याला. "पानी टाकं ना, म्हनीसन चालनी," असं कोणीतरी व्हिडिओत बोललंय, स्पष्ट ऐकू येतं.

पैसे द्यायला गेलो तर आबा रागावले. "मन्ही केबल आनी दे बरं," एवढंच म्हणाले.

मांडवात धाकट्या मेव्हण्याने विचारलं, "दाजी, पाणी घालून आणली ना?" ट्रॅक्टर बंद पडला की चार माणसं धक्का मारायला धावतात, कोणी व्हिडिओ काढत नाही. दोन सीटांची गाडी बंद पडली की सगळ्यांच्या पोटात कसला आनंद मावत नाही? माझ्या पैशाची, माझ्या घामाची गाडी आहे. असो.

चासीचा रंग खरवडला, पट्टी नीट बसवली, केबल काढून गुंडाळून डिकीत ठेवली. काल पुन्हा पारोळ्याला जायचं होतं. अमळनेरवरून गेलो. लांब पडलं, आणि येताना डावा इंडिकेटर अजूनही मिणमिणत होता.