‘बफरिंगवर सात रामबाण उपाय’ : एकेक बाण तपासू

“टीव्हीवर सिनेमा अडकतोय? इंजिनीअर बोलवू नका, हे सात उपाय करा!” हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतो. उपाय असे : प्लॅन वाढवून २०० एमबीपीएस करा, फोनवर स्पीड चांगला दिसत असेल तर टीव्ही बदला, डीएनएस ८.८.८.८ करा, कॅशे रोज साफ करा, सोन्याचा मुलामा असलेली एचडीएमआय केबल घ्या, नेटवाला मुद्दाम स्पीड तोडतो म्हणून व्हीपीएन लावा, आणि राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल उभी करा.

मेसेजची मूळ गफलत म्हणजे त्याने ‘अडकणं’ हा एकच आजार धरला आहे. मधेच गोल चक्र फिरू लागलं तर टीव्हीपर्यंत डेटा वेळेत पोचत नाही. चित्र न थांबता फक्त धूसर झालं तर ॲपने कमी डेटा मिळतोय हे ओळखून स्वतःच दर्जा उतरवला, किंवा तुमच्या प्लॅनमध्ये तेवढाच दर्जा आहे. कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके देत सरकतं, तेव्हा नेटचा काही दोष नसतो : सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० हर्ट्झचा, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. आणि ॲपच बंद पडून मुख्य पानावर येत असेल तर बहुतेकदा टीव्हीची मेमरी कमी पडते. चौघांना एकच काढा पाजून भागत नाही.

पहिला उपाय : ‘फोर-केसाठी किमान २०० एमबीपीएस हवेच.’

नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं; यूट्यूब फोर-केसाठी २०. घरात दोन टीव्हींवर एकाच वेळी फोर-के चालू आहे, मुलाचा व्हिडिओ क्लास आहे आणि दोन फोन चाळले जाताहेत, तरी ५० च्या पॅकमध्ये ओढाताण होऊ नये. होत असेल तर पाणी टाकीतून कमी येत नाहीये, नळापर्यंतच्या पाइपात अडलंय. २०० चा पॅक घेतला तरी तो पाइप तोच राहतो, बिल मात्र वाढतं.

धूसर चित्राची तक्रार असेल तर आधी ॲपचा प्लॅन बघा. नेटफ्लिक्सच्या बेसिकमध्ये ७२०पी, स्टँडर्डमध्ये १०८०पी आणि फोर-के फक्त प्रीमियममध्ये मिळतं. मोबाइल प्लॅन तर टीव्हीवर चालतच नाही. स्वस्तातला बिनमान्यतेचा अँड्रॉइड डबा लावला असेल तर वाइडवाइनचा एल-१ दाखला (चांगल्या दर्जाचा व्हिडिओ दाखवायची परवानगी) नसल्याने प्रीमियमचे पैसे भरूनही साधं एसडी चित्र येतं. इथे नेटवाल्याला फोन करणं म्हणजे दूध नासलं म्हणून गॅस एजन्सीला बोलावणं.

दुसरा उपाय : ‘फोनवर १८० दिसतंय, म्हणजे नेट उत्तम, टीव्ही बदला.’

सगळ्यात महाग चूक ही, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. राउटरशेजारी उभं राहून फोनवर घेतलेली चाचणी फोनबद्दल सांगते. टीव्हीचा वायफाय अँटेना पॅनेलच्या मागे, धातूच्या पत्र्यालगत, भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. म्हणून मोजायचं टीव्हीवरच. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा; ती चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते. ब्राउझर नसेल तर नेटफ्लिक्सच्या ‘गेट हेल्प’मध्ये नेटवर्क तपासणी आहे. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकातून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ लावा आणि दोन ओळी वाचा. ‘बफर हेल्थ’ हे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ हाताशी आहे ते सांगतं. तो आकडा घसरत शून्याकडे गेला तर दोष नेटच्या वाटेत. बफर भरलेला असूनही ‘ड्रॉप्ड’ फ्रेम वाढत असतील तर टीव्हीचा प्रोसेसर दमतोय.

मग लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून मोजा. केबलवर पॅकएवढा स्पीड आणि टीव्हीवर ८, तर दोष घरातल्या वायफायचा. केबलवरच ८, तर बाहेरचा. एवढी दहा मिनिटं दिली की निम्मं कोडं सुटतं.

पुण्यात घर कुठलं यावर वायफायचं भवितव्य बरंच ठरतं. कोथरूडच्या जुन्या तीन मजली इमारतीतली आतली विटेची भिंत लहरी बऱ्यापैकी पार करतात. वाकड-हिंजवडीकडच्या मिवान पद्धतीच्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही सळयांच्या जाळीसकट ओतलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि वायफायच्या दोन बँडपैकी (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) वेगवान पण कमी पल्ल्याचा ५ गिगाहर्ट्झ दोन भिंती ओलांडताना जवळजवळ संपतो. पेठांमधल्या वाड्यांच्या जाड भिंतींची गतही फार वेगळी नाही. टीव्हीला सिग्नल उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला हवा, म्हणजे ६५ पेक्षा लहान आकडा. उणे ७५ च्या पुढे गेला की चक्र फिरणारच. टीव्हीजागी फोन धरून एखादं मोफत वायफाय ॲनालायझर ॲप उघडलं की हा आकडा दिसतो.

टीव्ही राउटरच्या समोर किंवा एकाच भिंतीपलीकडे असेल तर ५ गिगाहर्ट्झला जोडा. राउटरच्या पानावर जाऊन (पत्ता खालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, नाहीतर टीव्ही आपल्या मर्जीने २.४ ला चिकटून बसतो. ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला ठेवा. मधले चॅनेल काही टीव्हींना दिसतच नाहीत, आणि मग “टीव्हीत ५ जी येत नाही” अशी हाकाटी होते.

टीव्ही लांब असेल तर २.४ शिवाय पर्याय नाही, पण तिथे गर्दी लक्ष्मी रोडसारखी. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. इमारतीत चाळीस राउटर असले तर तेच तीन चाळीस जणांत वाटले जातात. ॲनालायझरमध्ये तिघांपैकी कमी गर्दीचा बघून तो हाताने नेमा आणि चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ करा. ‘ऑटो’वर ठेवलं तर बरेच राउटर चालू होतानाच एकदा चॅनेल निवडतात. गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज परत आली की सगळी इमारत एकाच क्षणी चॅनेल निवडते, आणि गुरुवारी संध्याकाळपासून नेट रडतं त्याचं एक कारण हे. मायक्रोवेव्हही याच बँडमध्ये गोंगाट करतो. राउटरला लावलेल्या यूएसबी ३.० हार्ड डिस्कची केबलसुद्धा.

याहून खात्रीचा उपाय लॅन केबलचा. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे थ्री बीएचकेत लांबीची चिंता नको. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, चाचणीत ९४ च्या आसपास दिसतं, आणि मग “वायफायवर १८० होता, केबलने निम्मा झाला” म्हणून लोक केबल उपटून टाकतात. स्थिर ९४ हे फोर-केच्या गरजेच्या साडेचारपटीहून जास्त आहे. उड्या मारणारं १८० कधी ६ वर येईल सांगता येत नाही. केबल क्रिंप करून घेताना मात्र दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नारिंगीशेजारी हिरव्याची पूर्ण जोडी सलग बसवली तर लॅनचा दिवा लागतो, पण जोड्या फुटल्यामुळे लांब केबलवर डेटा गळत राहतो. केबल ओढणं अशक्य असेल तर मेश (एकच वायफाय मिळून पसरवणारे दोन-तीन डबे) घ्या, पण दुसरा डबा टीव्हीशेजारी ठेवू नका. तिथे मुळातच सिग्नल नाही, मग तो पुढे काय देणार? दोघांच्या मध्यावर ठेवा.

तिसरा उपाय : ‘डीएनएस बदला, स्पीड दुप्पट.’

डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतो. पत्ता मिळाल्यावर व्हिडिओ त्याच्यातून जात नाही. नेटवाल्याचा डीएनएस आजारी असेल तर ॲप उघडायला वेळ लागतो, पोस्टर रिकामी दिसतात, तिथे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ चा उपयोग होतो. सिनेमा चाळिसाव्या मिनिटाला अडकतो त्याच्याशी याचा संबंध क्वचितच असतो. उलट काही सेवा जवळचा सर्व्हर डीएनएसवरूनच ठरवतात, आणि बाहेरचा डीएनएस तुम्हाला लांबच्या सर्व्हरकडे पाठवू शकतो.

या उपायाचं एक नुकसान मेसेज सांगत नाही. अँड्रॉइड टीव्हीवर डीएनएस बदलायला आयपी सेटिंग ‘स्टॅटिक’ करावं लागतं आणि टीव्हीचा पत्ता तिथे कायमचा ठोकला जातो. काही दिवसांनी राउटर तोच पत्ता एखाद्या पाहुण्याच्या फोनला देतो, दोघांची भांडणं लागतात आणि टीव्हीचं नेट मधूनमधून गायब होऊ लागतं. हा मेसेज वाचून सेटिंग केलं असेल तर आधी ते परत ‘डीएचसीपी’ करा, म्हणजे पत्ता राउटरच वाटून देईल. डीएनएस बदलायचाच असेल तर राउटरमध्ये बदला.

चौथा उपाय : ‘कॅशे रोज साफ करा.’

कॅशेमध्ये पोस्टर, मेन्यू असलं सामान असतं. ते रोज पुसलं तर रोज नव्याने उतरवावं लागतं, म्हणजे ॲप आणखी संथ. पण ८ जीबी स्टोरेजच्या टीव्हीत जागा संपत आली की ॲप खरोखर कोसळतात, तेवढ्यापुरती मेसेजची बाजू बरोबर. न वापरलेली ॲप काढा आणि एक जीबी तरी मोकळी ठेवा. ‘क्लिअर कॅशे’ऐवजी ‘क्लिअर डेटा’ दाबलं तर लॉगिन जातं आणि मग रिमोटवर पासवर्ड टंकण्याचं पुण्य पदरी पडतं.

खरा फरक पडतो तो टीव्ही पूर्ण बंद करण्याने. रिमोटचं बटण टीव्हीला फक्त झोपवतं, मेमरीतला पसारा तसाच राहतो. प्लग काढून एक मिनिट थांबा, किंवा सेटिंगमधून रीस्टार्ट द्या. एलजीच्या टीव्हीत ‘क्विक स्टार्ट प्लस’ बंद करा. जुन्या टीव्हीसाठी ॲपची नवी आवृत्ती येणंच थांबलं असेल तर नव्या टीव्हीपेक्षा स्ट्रीमिंग स्टिक स्वस्त पडते. मात्र तिला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देऊ नका. यूएसबी २.० चं पोर्ट अर्धा अँपियरच देतं. सोबतचा अडॅप्टर लावला नाही तर स्टिक ऐन रंगात आल्यावर स्वतःच रीस्टार्ट होते.

पाचवा उपाय : ‘सोन्याची एचडीएमआय केबल.’ टीव्हीतल्या ॲपचा व्हिडिओ एचडीएमआयमधून जातच नाही. डबा किंवा स्टिक असेल तरी खराब केबलने ठिणग्यांसारखे ठिपके येतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. चक्र फिरत नाही.

सहावा उपाय : ‘नेटवाला स्पीड तोडतो, व्हीपीएन लावा.’

ठरावीक ॲपचा वेग मुद्दाम कमी करण्याला भारतात बंदी आहे. दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ ला मजकुरानुसार वेगळे दर लावण्यावर बंदी घातली आणि २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची (सगळ्या मजकुराला सारखी वागणूक) चौकट मंजूर केली. रात्री साडेनऊला अडकण्याचं कारण बहुधा साधं असतं : गर्दी. फायबरच्या जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, आणि त्याच्या वर स्थानिक केबलवाल्याने घेतलेली बँडविड्थ त्याहून आखूड असू शकते. व्हीपीएन म्हणजे डेटा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा; ती लावली की डेटा आणखी लांबून फिरून येतो, आणि कित्येक ॲप व्हीपीएन ओळखून व्हिडिओ नाकारतात. क्वचित बदललेली वाट कमी गर्दीची निघते आणि फायदा होतो, हे मान्य. पण त्यासाठी महिन्याचं भाडं भरण्याआधी तक्रार करून बघा.

क्रिकेटचा सामना अडकतो आणि सिनेमा सुरळीत चालतो, यालाही लोक कट म्हणतात. सिनेमा ॲप पुढचा मिनिटभर आधीच उतरवून ठेवू शकतं. सामन्याचा पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, त्यामुळे हाताशी काही सेकंदच असतात आणि नेट तेवढंच लंगडलं तरी चक्र दिसतं. तेव्हा दर्जा ‘ऑटो’वरून ७२०पी वर बांधून टाका.

तक्रार करताना “नेट स्लो आहे” एवढ्याने काम होत नाही. लॅन केबलवर सकाळी दहाला आणि रात्री साडेनऊला, तीन दिवस, असे सहा आकडे वेळेसकट पाठवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.

सातवा उपाय : फॉइल. ती एका दिशेला थोडा सिग्नल परावर्तित करते, पण मागची खोली कोरडी पडते आणि राउटरची हवा कोंडते. त्यापेक्षा राउटर टीव्ही युनिटच्या कप्प्यातून बाहेर काढून छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. हलवताना फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नका. दुमडल्यावर प्रकाश गळतो आणि नेट कधी चालू, कधी बंद असं होतं. राउटरवरचा ‘एलओएस’चा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल झाला तर टीव्ही, डीएनएस, कॅशे सगळं बाजूला ठेवून आधी ती वायर सरळ करा, आणि तरी लालच राहिला तर फोन करा.