कॉप म्हणजे 'कॉन्स्टेबल ऑन पॅट्रोल' नाही ओ

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. म्हणे हायवेवरच्या पोलिसाला इंग्रजीत कॉप म्हणतात ते 'कॉन्स्टेबल ऑन पॅट्रोल'वरनं, पोलीस हा शब्द पोलाइट, ओबिडियंट, लॉयल वगैरे सहा गुणांची पहिली अक्षरं जोडून झालाय, आणि आपल्याकडं पोलिसाला 'मामा' म्हणणं म्हणजे शिवी. काका, रागावू नका, पण तिन्ही चूक.

पोलीस आधी उरकतो. ग्रीकमधे पोलिस म्हणजे शहर, त्यावरनं शहराच्या कारभाराचा शब्द झाला आणि लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत आला. गुण नंतर चिकटवलेत. तसं तर सोशिक, लाडके, पूजनीय, रगेल जोडून सोलापूर पण होतंय की, म्हणून काय गावाचं नाव त्यावरनं पडलं?

आता कॉप. इंग्रजीत 'कॉप' म्हणजे पकडणं, हे क्रियापद 1700 च्या आसपासचं. पकडतो तो कॉपर, हा शब्द 1846 ला सापडतो, आणि त्याचंच तोडून 1859 पर्यंत कॉप झालं. तांब्याच्या बटणांवरनं कॉपर, असं पण एकानं ठोकून दिलं, ते पण नाही.

हायवेचंच नाव बघायचं तर अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचं 'स्मोकी' बघा. जंगलात आग लावू नका सांगणारं स्मोकी नावाचं जाहिरातीतलं अस्वल 1944 पासूनचं, डोक्यावर रुंद काठाची हॅट, आणि तसलीच हॅट तिथल्या बऱ्याच हायवे पोलिसांची. 1974 ला तिथं स्पीड लिमिट 55 मैल केली, म्हणजे आपल्या हिशोबानं 88 किलोमीटर, मग ड्रायव्हर लोक रेडिओवर एकमेकांना सांगायचे पुढं स्मोकी आहे, वरनं हेलिकॉप्टर आलं तर 'हवेत अस्वल'. दिसलं ते नाव पडलं, विषय संपला. आपल्याकडं रेडिओ नाही, मोहोळकडनं येणारा डिपर मारतो आणि आपला पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरनं उठतो.

राहिला मामा. म्हणे 'मामा बनवणे'वरनं. अहो, बनतो तो मामा, आणि नाक्यावर कोण बनतंय ते तुम्हाला माहितीये. हेल्मेट घरी विसरून सोलापुरात सात रस्ता चौकात घावला की तुम्हीच गाडी बाजूला घेऊन, मान वाकडी करून म्हणता ना, "मामा, जाऊ द्या ना, पोराची परीक्षाय"? शिवी देऊन कोण सोडवून घेतं हो? मराठी, तेलुगू, उर्दू, घर कुठलं पण असू दे, मामा नाहीतर मामू म्हणजे आईचा भाऊ, लाडीगोडीला तोच बरा पडतो. पावती फाडतो ती फाडतोच, ते वेगळं.