जुनं पॅकेज म्हणजे असुरक्षित पॅकेज नव्हे

नमस्कार. हौशी आणि व्यावसायिक लिनक्स डिस्ट्रो (लिनक्सवर बांधलेल्या तयार प्रणाली) वेगळ्या असतात, या माझ्या म्हणण्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. कर्नल (प्रणालीचा गाभा) सगळीकडे तोच, त्यामुळे हौशी आणि व्यावसायिक डिस्ट्रो हा भेद निरर्थक. डेबियन या डिस्ट्रोची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) जुनी, म्हणून असुरक्षित. आणि सेंटओएस 8 ही डिस्ट्रो मुदतीआधीच बंद झाली, ते पाहता दीर्घ मुदतीच्या सपोर्टवर विसंबणं भाबडेपणाचं.

आधी दुसरा घेऊ, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. डेबियन 12 मध्ये ओपनएसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) 9.2 आहे. जुलै 2024 मध्ये त्यातली एक गंभीर त्रुटी उघड झाली, ती मूळ प्रकल्पाने 9.8 मध्ये दुरुस्त केली. डेबियनने 9.8 आणलंच नाही. तेवढाच पॅच 9.2 वर चढवला आणि आवृत्तीच्या शेवटी ‘डेब12यू3’ अशी शेपटी लावली. त्रुटी शोधणारे साधे स्कॅनर नुसतं ‘9.2’ वाचून बोंब मारतात. खरं काय ते ‘एपीटी चेंजलॉग’ या कमांडने दिसणाऱ्या बदलांच्या नोंदीत सीव्हीई क्रमांक (त्रुटीचा अधिकृत क्रमांक) शोधला की कळतं. उलट मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या साधनात सापडलेला बॅकडोअर (चोरवाट) 5.6.0 आणि 5.6.1 या अगदी ताज्या आवृत्त्यांत होता. डेबियन स्टेबलमध्ये (स्थिर आवृत्तीत) त्या आल्याच नव्हत्या. सतत ताज्या आवृत्त्या देणाऱ्या आर्च या डिस्ट्रोत आल्या होत्या. तिथला एसएसएच लिबएलझेडएमएला (एक्सझेडच्या लायब्ररीला) जोडलेला नव्हता, म्हणून निभावलं.

कर्नलचं म्हणणं ढोबळमानाने बरोबर, पण घोळ वरच्या थरात होतो. आर्चवर ‘पॅकमॅन -एसवाययू’ ही सगळं अपडेट करणारी कमांड दिली आणि त्यात पोस्टग्रेस या डेटाबेसचं 16 चं 17 झालं, की सर्व्हिस सुरूच होत नाही. मुख्य आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नव्याला चालत नाही. मग जुन्या बायनरींसाठी ‘ओल्ड-अपग्रेड’ पॅकेज बसवा, नव्या जागी इनिटडीबी करा (रिकामा डेटाबेस उभारा), पीजी_अपग्रेड चालवा (जुना डेटा तिकडे न्या). सुट्टीच्या दिवशी यात मजाही येते; ऑर्डरी खोळंबलेल्या असताना नाही. पोस्टग्रेस पॅकमॅनच्या ‘इग्नोरपीकेजी’ (अपडेट टाळायच्या) यादीत टाकून थोपवता येतं, पण मग त्याचे सुरक्षा पॅचही थांबतात, आणि अर्धवट अपडेट आर्चला मुळात मान्य नाही. डेबियन 12 वर पोस्टग्रेस 15 ते 15 च राहतं, किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या येतात. मोठा बदल कधी करायचा हे तुमच्या हातात राहतं. माझ्या लेखी भेद एवढाच आहे.

सेंटओएसचा मुद्दा मात्र बिनतोड. डिसेंबर 2020 च्या एका घोषणेनं, 2029 पर्यंत चालेल म्हणून बसवलेलं सेंटओएस 8 हे 2021 अखेर संपलं. म्हणून मुदतीबरोबर बाहेर पडायचा मार्गही तपासावा. तो तेव्हा होता: अल्मा किंवा रॉकी या तशाच डिस्ट्रोंवर स्क्रिप्ट चालवून जागच्या जागी जाता आलं, फॉरमॅट न करता.

खरं तर तुम्ही उबंटू एलटीएसवर (उबंटू या डिस्ट्रोच्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीवर) बोट ठेवायला हवं होतं. तिथली 5 वर्षांची हमी ‘मेन’ या मुख्य भांडारातल्या पॅकेजेसची, ‘युनिव्हर्स’ या दुसऱ्या भांडारासाठी तशी हमी हवी तर उबंटू प्रो ही सदस्यता लागते, जी वैयक्तिक वापरासाठी 5 मशीनपर्यंत फुकट आहे. ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ ही कमांड देऊन बघा, तुमची किती पॅकेजेस ‘युनिव्हर्स’मधली आहेत ते लगेच दिसेल.